परिमळाची वकिली

गेल्या माघात आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेत महाजनांची सभा भरली होती. पालखीच्या दांड्याची दुरुस्ती, तळीतला गाळ, नगारखान्याचे छप्पर असे नेहमीचे विषय पत्रिकेवर होते आणि ते नेहमीच्याच संथपणे सरत होते. सभा अडकली ती एका किरकोळ दिसणाऱ्या विषयावर. देवळाचा एक सेवेकरी रांधपाच्या खोलीमागे, माडाच्या बुंध्याशी बसून विडी ओढताना आढळला होता. त्याचे आठ दिवसांचे वेतन कापावे असा ठराव एका वयोवृद्ध महाजनांनी मांडला. ठराव मांडताना पावित्र्य, परंपरा, शिस्त हे शब्द त्यांनी यथोचित गांभीर्याने उच्चारले. आणि ते उच्चारीत असता त्यांच्या डाव्या हातातील पाइपमधून निळसर धुराची एक रेघ अग्रशाळेच्या तुळयांकडे चढत होती.

मागच्या बाकावरील एका तरुणाने त्या पाइपकडे बोट दाखविले. महाजन हसले. "हो धुंवर न्हय रे, परमळ!" असे ते म्हणाले, आणि सभाही हसली. ठराव संमत झाला. विरोधी मत एकच पडले, ते माझे. सभा संपल्यावर त्या सद्गृहस्थांनी मला जवळ बोलावून मोठ्या मनाने सांगितले, "वकीलबाब, आधी वास तरी घेऊन पाहा, मग वाद घाला." दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गड्याने एक पत्र्याची डबी माझ्या घरी आणून दिली. त्यांच्या मुलाने ती परदेशाहून आणली होती. झाकणावर शिडाचे जहाज, आत सोनेरी कागद, आणि त्याखाली काळसर, ओलसर, चिरलेली तमाखू.

हा लेख म्हणजे त्या डबीची लेखी पोच होय.

प्रारंभीच एक कबुली देणे न्यायाचे ठरेल. कायद्याच्या महाविद्यालयात असताना मी तीन वर्षे पाइप ओढला आणि तो सोडल्याला आता वीस वर्षे होत आली. तेव्हा या विषयात मी अगदीच अनभिज्ञ नाही, आणि अगदी निर्मळही नाही. डबीतील तमाखू मी दोनदा ओढून पाहिली. पक्षकाराने दाखल केलेली वस्तू न तपासता तिच्याविरुद्ध युक्तिवाद करणे आमच्या व्यवसायात कच्चेपणाचे मानतात. कोणी माझे अनुकरण करू नये, एवढे सांगून मी तपासणीकडे वळतो.

झाकण उघडताच जो दरवळ आला तो खरोखरच मोहक होता. आधी व्हॅनिला, तिच्यामागे शिजलेल्या चेरीसारखे काही आंबटगोड, आणि अगदी तळाशी ज्येष्ठमधाचा जडपणा. तमाखूचा स्वतःचा म्हणून जो वास असतो, म्हणजे वाळल्या गवताचा, किंचित आंबूस, जुन्या धान्याच्या कणगीची आठवण करून देणारा, तो मी बराच वेळ शोधला. तो मिळाला नाही. ही पहिली नोंद.

पाने तीन जातींची दिसली. निम्म्याहून अधिक काळे कॅव्हेन्डिश, म्हणजे वाफेवर शिजवून, दाबून काळे केलेले पान. काही तपकिरी बर्ली. आणि देखाव्यापुरते पिवळेधमक व्हर्जिनिया. चिमूट बोटांत दाबली. चांगल्या प्रतीची, योग्य वाळलेली तमाखू दाबल्यावर हळूहळू उलगडते. ही दाबली तशीच, लाडवाच्या पिठासारखी, बसून राहिली. कागदावर पसरून दोन तास ठेवली, तरी ओल हटली नाही. याचे कारण त्या तमाखूत घातलेले प्रॉपिलीन ग्लायकोल. हे द्रव्य ओलावा धरून ठेवते आणि सुगंधही धरून ठेवते. डबी दुकानात वर्षभर पडली तरी आतला माल ताजाच भासतो. विकणाऱ्याची सोय ओढणाऱ्याच्या जिभेवर कशी येते ते पुढे दिसेल.

पाइप भरण्याची रीत ठरलेली आहे. खाली सैल, मध्ये जरा घट्ट, वर आणखी घट्ट. पहिली काडी पान फुगविण्यासाठी, मग हलकेच दाबणी, मग दुसरी काडी खऱ्या पेटण्यासाठी. मी यथाविधी सर्व केले. पहिली पाच-सात मिनिटे सुखाची गेली, हे मी नाकारीत नाही. धूर मऊ होता, ओठांवर गोडी होती. त्यानंतर गोडी ओसरली आणि वाफ सुरू झाली. ओली तमाखू जळताना आधी तिच्यातले पाणी उकळते. ते पाणी धुराबरोबर तोंडात येते आणि जीभ पोळते. पाइप ओढणाऱ्यांच्या बोलीत याला जीभ चावणे म्हणतात. वाटी निम्मी झाली तेव्हा माझ्या तोंडात केवळ ऊन पाणी आणि जळक्या कागदाची चव होती. आग आठ वेळा विझली, आठ वेळा पेटविली. तळाशी काळा, ओला, कडवट गाळ उरला. दुसऱ्या दिवशी तमाखू रात्रभर वाळवून पुन्हा प्रयोग केला. जीभ कमी पोळली, गोडीही तितकीच कमी झाली, आणि तमाखूची चव दोन्ही वेळा मला भेटली नाही.

पण याच वेळी एक महत्त्वाचा साक्षीदार अनपेक्षितपणे पुढे आला. कुंपणापलीकडून शेजारच्या काकींनी विचारले, "आज काय गोड शिजतंय तुमच्याकडे?" ओढणाऱ्याच्या तोंडात जळका कागद आणि शेजारणीच्या नाकात खीर! एकाच पाइपविषयी दोन साक्षी, दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही परस्परविरुद्ध. सुगंधी तमाखूचे सारे मर्म या विसंगतीत आहे. ती ओढणाऱ्यासाठी बनविलेली नसून पाहणाऱ्यासाठी, अर्थात हुंगणाऱ्यासाठी बनविलेली असते. घरच्या मंडळींनी, क्लबातल्या सोबत्यांनी, सभेतल्या महाजनांनी कुरकुर करू नये म्हणून शेजारच्या नाकाला दिलेली ती लाच आहे. आणि लाचेचा परिणाम किती टिकतो? सकाळी माझ्या लिहिण्याच्या खोलीचे दार उघडले तेव्हा व्हॅनिला उडून गेली होती आणि पडद्यांना वास येत होता तो कोणत्याही विडीच्या धुराइतकाच शिळा आणि कुबट. काकींना त्या वेळी बोलावले असते तर त्यांची साक्ष बदलली असती.

आता ही गोडी येते कोठून, हे थोडे तपशिलात पाहू. कारण "हा उंची माल आहे" हे त्या महाजनांच्या बाजूचे दुसरे विधान आहे.

बर्ली नावाचे पान अमेरिकेत ओहायो राज्यातील ब्राउन परगण्यात १८६४ साली निपजलेल्या फिकट रोपांपासून आले. ते कोठारात टांगून, वाऱ्यावर, काही आठवडे सावकाश वाळविले जाते, आणि त्या अवधीत पानातील साखर जवळजवळ संपून जाते. याउलट व्हर्जिनिया पान उष्ण हवेच्या कोठीत आठवडाभरात वाळवितात. त्याची साखर आतच राहते, कधी कधी शेकडा पंधरा-वीसपर्यंत. बर्ली गोड नाही, पण तिचे पान सच्छिद्र असल्यामुळे पाव रस शोषतो तसे ती पाक शोषते. मग तिला साखर, काकवी, कोको, ज्येष्ठमध यांच्या पाकात मुरवतात, वाळवतात, कापतात आणि शेवटी व्हॅनिला, रम, फळांचे अर्क यांचा शिडकावा देतात. पहिला संस्कार पानाचा रूक्षपणा झाकतो. दुसरा डबी उघडणाऱ्याला जिंकतो. उत्तम पानाला यातले पहिले थोडे लागते, दुसरे जवळजवळ लागतच नाही. ज्यांना तमाखूतले कळते ते इंग्रज आणि डॅनिश कारागीर पान निवडण्यात आणि मुरवण्यात आयुष्य घालवीत आले. पाक जितका दाट, तितके पान सामान्य असण्याचा संभव अधिक. मिठाईच्या दुकानात शिळ्या खव्याला वेलची अधिक घालतात, त्यातलाच हा प्रकार.

हे काही आजचे नाही. ब्राझीलमधील बाहिया प्रांतात पोर्तुगीज अमलाखाली तमाखूची दोरासारखी वळकटी करून तिला काकवी चोपडीत असत. त्या मालात प्रती होत्या. चांगली प्रत लिस्बनला जाई. तिसरी प्रत, म्हणजे लिस्बनने नाकारलेला गाळसाळ, अधिक काकवी चोपडून आफ्रिकेच्या मिना किनाऱ्यावर पाठविली जाई. तिच्या गोडीची तेथे चटक लागली, आणि त्या वळकट्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. नाकारलेल्या पानावरची ती काकवी आठवली की माझ्या डबीतला पाक मला निराळा दिसू लागतो.

बाहियाची तमाखू गोव्यालाही येत होती. येथे तिच्या विक्रीचा सरकारी मक्ता होता आणि तो मक्ता लिलावात घेणारे पुष्कळ वेळा आपलेच हिंदू व्यापारी होते. पणजीच्या म्हामाई कामत घराण्याच्या दप्तरात त्या व्यवहाराच्या नोंदी आहेत. पोर्तुगिजांनी आपल्यावर ही पुडी लादली असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु लादणाऱ्याच्या वखारीची किल्ली काही काळ आपल्याच कनवटीला होती, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आणि पाइप हा काही इंग्रजी खानदानीपणाचा अविष्कार नव्हे. १५६० च्या सुमारास आपले देव तिसवाडी आणि साष्टीतून अंत्रूजकडे आले तेव्हा अंत्रूजवर विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. त्याच विजापुरात १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने तमाखू प्रथम पाहिली. त्याने ती आग्र्याला नेली ती कशी? साध्या पुडीत नव्हे. रत्ने जडविलेल्या नळीसह, नक्षीच्या तबकात मांडून. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, वैद्याने हरकत घेतली, आणि दरबारात वाद झाला. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये तमाखूवर बंदीचे फर्मान काढले, पण तोवर लोकांना सवय जडून गेली होती. असद बेगचे हे वर्णन मला वारंवार आठवते, कारण त्यात युक्ती तीच आहे. वस्तू अपरिचित आणि संशयास्पद असेल तर तिला सजवून आणावे. तेथे रत्ने होती, येथे व्हॅनिला आहे. आपल्या हुक्क्याच्या परंपरेनेही हेच केले. तमाखूत गूळ कालवून केलेला गुडाखू आणि फळे-मसाले घालून आंबवलेला खमिरा हे त्या परदेशी डबीचे वडीलबंधूच होत. म्हणजे आमच्या महाजनांचा पाइप आणि एखाद्या गावच्या चावडीवरची गुडगुडी यांत गोत्र एकच. फरक डबीच्या झाकणावरील जहाजाचा.

आपल्या पंडितांनी तर तमाखूवर एक श्लेषाचा श्लोक रचून ठेवला आहे, तो जुन्या पिढीतल्या अनेकांना पाठ असतो. पदे एका रीतीने तोडली तर त्यात तमाखूचा निषेध होतो, दुसऱ्या रीतीने तोडली तर मूषकवाहन गणपतीची स्तुती. कौतुकाची गोष्ट आहे, मीही ती लहानपणी हसत ऐकली. परंतु सभेत परवा जे झाले ते याच जातीचे होते. पदच्छेद बदलला आणि धुराचा परिमळ झाला. श्लोकात ती गंमत असते. ठरावात तिच्यामुळे एका माणसाचे आठ दिवसांचे वेतन जाते.

परिमळाखाली काय दडू शकते याचा एक दाखला न्यायालयीन कागदपत्रांतलाच देतो. टोंका नावाच्या बीमध्ये कूमारिन नावाचे द्रव्य असते. त्याला नुकत्याच कापलेल्या गवताचा आणि व्हॅनिलाचा मिश्र सुवास येतो. जाड सालीच्या दालचिनीतही ते थोडे सापडते. यकृताला अपायकारक ठरल्यामुळे अमेरिकेने १९५४ मध्ये ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. तमाखू मात्र खाद्य नसल्यामुळे त्या बंदीबाहेर राहिली. ब्राउन अँड विल्यमसन या तमाखू कंपनीत जेफ्री वायगँड हे शास्त्रज्ञ १९८९ मध्ये संशोधन विभागाचे उपाध्यक्ष म्हणून रुजू झाले आणि १९९३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये मिसिसिपी राज्यातील एका दाव्यात शपथेवर जबानी दिली आणि ४ फेब्रुवारी १९९६ रोजी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'सर वॉल्टर रॅली' या पाइपच्या सुगंधी तमाखूतून कूमारिन काढून टाकण्याचा आग्रह त्यांनी धरला होता, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्कजनक दिसून आले होते. आणि ते काढल्यास खप घटेल असे उत्तर त्यांना मिळाले. कंपनीने हे आरोप नाकारले आणि वायगँड यांच्यावर उलट दावा लावला. तो दावा १९९७ च्या मोठ्या तडजोडीच्या वेळी सोडून देण्यात आला. वकील या नात्याने मी एवढेच म्हणेन की हे एका पक्षाचे कथन आहे. परंतु ते ज्या मालाविषयी आहे त्याची जात पाहा: विडी नव्हे, सिगारेट नव्हे, पाइपची सुगंधी तमाखू. वाद तिच्या तमाखूवर नव्हता. वाद होता तिच्या परिमळावर.

पाइप ओढणारे विद्वान लोक १९६४ चा अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल पुढे करतात. त्या अहवालात पाइपवाल्यांचे मृत्युमान न ओढणाऱ्यांपेक्षा फारसे अधिक दिसत नाही असे म्हटले होते, हे खरे. त्याच अहवालात पाइप हे ओठाच्या कर्करोगाचे कारण म्हणून स्वीकारले होते, हे मात्र ते सांगत नाहीत. पुढे २००४ मध्ये अमेरिकी कर्करोग संस्थेने १,३८,००० हून अधिक पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ पाइप ओढणाऱ्यांना, तमाखूला कधीच न शिवलेल्यांच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. तोंड, घसा, स्वरयंत्र यांचे धोकेही वाढलेले होते. सिगारेटच्या मानाने तो धोका कमी आहे, हे मी लपवीत नाही. पण "त्याच्यापेक्षा कमी" हा बचाव फौजदारी न्यायालयात कोणी करीत नाही.

आता कायदा. २००३ च्या सिगारेट व इतर तमाखू-उत्पादनांच्या कायद्याने धूम्रपानाची व्याख्या करताना सिगारेट, चिरूट, विडी यांच्याबरोबर पाइपचे नावच घेतले आहे. कायदा करणाऱ्याला परिमळाचा युक्तिवाद ठाऊक असावा. तमाखू कोणत्याही रूपात, कोणत्याही साधनाने ओढणे म्हणजे धूम्रपान. सुवास हा त्या व्याख्येत अपवाद नाही. सार्वजनिक स्थळ म्हणजे जेथे जनतेला, हक्काने असो वा नसो, प्रवेश आहे असे स्थळ. यात्रेकरू उतरतात, समाराधना होते, लग्ने लागतात ती छपराची अग्रशाळा यात बसते याविषयी मला शंका नाही. गोव्याने तर त्याआधी १९९७ मध्येच धूम्रपान व थुंकणे यांच्या प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला होता, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे निर्देश दिले होते.

येथे एक गमतीची, खरे म्हणजे खेदाची गोष्ट आहे. २००३ च्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. २००८ च्या नियमांनी ही सवलत आखूड केली. क्रीडांगण, रेल्वेस्थानक, बसथांबा आणि तत्सम जागा तिच्यातून काढून घेतल्या. देवळाचे परसू त्या 'तत्सम' शब्दात येते की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि मी सेवेकऱ्याला निर्दोष ठरवून मोकळा होत नाही. पण आकाशाखाली, माडाच्या बुंध्याशी बसलेल्या माणसाविषयी निदान वाद संभवतो. तुळयांखाली, चाळीस माणसांच्या मध्ये बसून ओढणाऱ्याविषयी तो संभवत नाही. ज्याच्या दोषाबद्दल शंका आहे त्याला शिक्षा, आणि ज्याच्याबद्दल शंका नाही तो शिक्षा सुचविणारा! शिवाय त्या कलमाखाली दंडाची कमाल मर्यादा दोनशे रुपये आहे. आठ दिवसांचे वेतन म्हणजे त्या माणसाच्या घरातला आठ दिवसांचा तांदूळ. संसदेने जो गुन्हा दोनशे रुपयांचा मानला त्याला आमच्या अग्रशाळेने त्याच्या कितीतरी पट किंमत लावली, आणि ती लावताना खोलीत व्हॅनिला दरवळत होती.

परदेशांतही पाइपला सवलत मिळाली आहे, हे कोणी दाखवून देईल म्हणून मीच सांगतो. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने सिगारेटमधील फळा-मसाल्यांचे स्वाद बंद केले, पाइपची तमाखू सोडली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानेही सिगारेट आणि हाताने वळायच्या तमाखूतील विशिष्ट स्वाद बंद केले आणि पाइप वगळला. पण कारण काय? पाइप निर्दोष आहे म्हणून नव्हे. तो मुख्यतः वयस्कर लोक ओढतात, तरुण त्याकडे फारसे वळत नाहीत, म्हणून. आणि परिस्थिती पालटली तर सवलत काढून घेण्याची तरतूद त्यातच करून ठेवली आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणच्या कायद्यांनी हे मान्य केले की गोड स्वाद हे नवख्याला आत ओढण्याचे साधन आहे. आमच्या अग्रशाळेत त्या दिवशी मागच्या बाकावर मुंजीच्या वयाची चार मुले बसली होती. त्यांच्या नाकाला विडीचा वास सुटला असता तर त्यांनी तोंड फिरविले असते. पाइपचा वास आला तेव्हा त्यांतल्या एकाने डोळे मिटून खोल श्वास घेतला. मी ते पाहिले.

सभेनंतर आणखी दोन युक्तिवाद माझ्या कानावर आले. एक धूपाचा. देवापुढे धूप जळतो, उदबत्ती जळते, लोबानही कोठे जळतो. धूर तो धूर, मग एकाच धुरावर रोष का? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. उदबत्तीच्या धुरातही सूक्ष्म कण आणि अपायकारक वायू असतात, आणि बंद गाभाऱ्यात जन्मभर धूपारती करणाऱ्या भटजींच्या छातीचा विचार आपण कधी केलेला नाही. तो करावा; गाभाऱ्याला वाट करून द्यावी, उदबत्त्यांचे जुडगे लावण्याची हौस आवरावी. परंतु त्यातून पाइपला परवाना निघत नाही. धूप देवाला अर्पण होतो, त्यात कोणाच्या रक्तात मिसळून उद्या पुन्हा मागणी करणारे निकोटीन नसते. आणि मुख्य म्हणजे धूप जाळणारा मनुष्य धूप जाळणाऱ्या दुसऱ्या मनुष्याचे वेतन कापीत नाही.

दुसरा युक्तिवाद तांबुलाचा. देवाला विडा चालतो, विड्यात तमाखू खाणारेही महाजनांत आहेत, मग पाइपच कशाला दिसतो? देवाच्या विड्यात पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलची असते. तमाखू त्यात कधीच नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. ती या देशात आली तीच पोर्तुगिजांमागून, आणि पूजाविधी तिच्याहून फार जुना. जे महाजन विड्यात तमाखू घालतात त्यांनी ती घरी खावी. येथे मी आणखीही म्हणेन की नगारखान्याच्या भिंतीवर लाल पिचकाऱ्या दिसतात त्या काही सेवेकऱ्यांच्या नव्हेत. सेवेकरी त्या पुसतात.

पुढील सभेची नोटीस निघाली आहे. मी दोन ठराव कळविले आहेत. एक, सेवेकऱ्याचे कापलेले वेतन त्याला परत द्यावे. दोन, अग्रशाळा, सभामंडप, रांधपाची खोली आणि परसू या साऱ्या जागी तमाखू ओढण्यास व खाऊन थुंकण्यास सर्वांना सारखीच मनाई असावी, कायद्याने लावावयाचा फलक मराठीत आणि कोंकणीत लावावा, आणि दंड कायद्याच्या मर्यादेतच, महाजन असो वा वाजंत्री असो, घ्यावा. दुसऱ्या ठरावाला अनुमोदन अद्याप मिळालेले नाही. पहिल्याला त्या तरुणाने दिले आहे.

डबी मी गड्याच्या हाती परत पाठविली. तीत दोन वाट्यांची घट आहे, ती चिठ्ठीत नमूद केली आहे, आणि तिची किंमत घेण्यास महाजनांनी संकोच करू नये असेही लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. ज्या कपाटात ती आठ दिवस होती त्यातील फौजदारीच्या पुस्तकांना अजूनही, जवळ नेली की, किंचित चेरीचा वास येतो.